तीस बिंदूंची वाट

गार्मिन कंपनीच्या ‘जीपीएस १२’ या हातात धरायच्या यंत्रात ५०० वेपॉइंट साठवता येतात, २० रूट करता येतात आणि एका रूटमध्ये जास्तीत जास्त ३० वेपॉइंट घालता येतात. एकतिसाव्याला जागा नाही. चार पेन्सिल सेलवर चालणारे, गेल्या शतकाच्या शेवटी बाजारात आलेले हे यंत्र आमच्या भटक्या गटाकडे अजून चालू स्थितीत आहे. त्यानंतरची, रंगीत पडद्याची आणि मेमरी कार्ड घेणारी यंत्रेही आहेत. फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही सह्याद्रीतली एखादी वाट नव्याने तयार करायची झाली की ती आधी तीस बिंदूंत बसवायची, हा नियम आम्ही पाळत आलो आहोत. मोठ्या यंत्रात घालायची असली तरी आधी तीसच.

हे काम बाहेरून पाहणाऱ्याला कारकुनी वाटते. एका बाजूला संगणकावर हजारो ठिपक्यांची वेडीवाकडी रेघ आणि दुसऱ्या बाजूला तीस ओळींचा कोरा तक्ता. पण वाटेबद्दल जे काही मला कळले, त्यातले बरेचसे हा तक्ता भरताना कळले. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट अनेकांच्या पायाखालची आहे, म्हणून तिचेच उदाहरण घेऊन हे काम कसे चालते ते सांगतो.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण फोन वापरणाऱ्यांच्या मनात त्या हल्ली एकच झाल्या आहेत. वेपॉइंट म्हणजे नाव दिलेली एक जागा: पाण्याचे टाके, खिंड, देऊळ. ट्रॅक म्हणजे आपण चालत असताना यंत्राने स्वतःहून टिपलेली नोंद. ठरावीक सेकंदांनी किंवा ठरावीक अंतराने एक ठिपका, अशी ती रेघ तयार होते. रूट म्हणजे माणसाने ठरवून क्रमाने लावलेले वेपॉइंट. रूट चालू केला की यंत्र पुढच्या बिंदूची दिशा आणि सरळ रेषेतले अंतर दाखवते आणि एक बिंदू पार झाला की बाण त्यापुढच्या बिंदूकडे वळतो. दोन बिंदूंच्या मध्ये काय आहे, दरी की जंगल की कातळ, याची त्या बाणाला कल्पना नसते. ट्रॅक म्हणजे पूर्वी कोणी चालले त्याची साक्ष आणि रूट म्हणजे पुढे चालणाऱ्याला दिलेली सूचना. साक्ष कितीही लांबली तरी चालते. धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला दिलेली सूचना मात्र मोजकी असावी लागते.

मर्यादा तीसचीच का, याचे एक उत्तर मेमरीत आहे. यंत्र आणि संगणक एकमेकांशी कसे बोलतात याची नियमावली गार्मिनने प्रसिद्ध केली होती. तिच्यात या पिढीच्या एका वेपॉइंटचा हिशोब सापडतो: नावाला ६ बाइट, अक्षांश आणि रेखांश मिळून ८ बाइट, टिपणीसाठी ४० अक्षरांची जागा, वर चिन्हासाठी थोडे, असे सगळे धरून साठच्या आसपास. ५०० वेपॉइंट म्हणजे साधारण ३०,००० बाइट. आजच्या फोनवरच्या एका साध्या छायाचित्राला याच्या शंभरपट जागा सहज लागते. त्या काळी मात्र ही स्मृती महाग होती, आणि मुख्य सेल काढल्यावरही ती टिकावी म्हणून आत एक छोटी लिथियम बॅटरी बसवलेली असे.

त्या हिशोबातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अक्षांशाला फक्त ४ बाइट आणि रेखांशाला ४ बाइट, पण त्यांत पूर्ण पृथ्वीचा घेर इतक्या बारीक तुकड्यांत मांडला आहे की एक तुकडा विषुववृत्तावर एक सेंटिमीटरपेक्षाही लहान पडतो. म्हणजे जागा लिहून ठेवण्याची यंत्राची क्षमता सेंटिमीटरची होती. जागा ओळखण्याची क्षमता मात्र तशी नव्हती. १९९०च्या दशकात अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली होती आणि तिच्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे सरकत असे. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ती बंद करण्याची घोषणा केली. आज उघड्यावर उभे राहिले तर पाच-दहा मीटरच्या आत जागा मिळते. पण दोन्ही बाजूंना उभे कडे असलेल्या नाळेत संकेत कड्यावर आपटून परत येतात, आणि मग नाळेच्या तळाशी उभा असलेला माणूस पडद्यावर कड्याच्या माथ्यावर दिसू शकतो. अशा ठिकाणी दर दोन मीटरला एक ठिपका टिपला तर चुकीच्या ठिपक्यांची संख्या तेवढी वाढते.

दुसरे उत्तर रूट या कल्पनेच्या मुळाशी आहे. ती आली समुद्रातून आणि आकाशातून. बंदराच्या तोंडापासून दीपस्तंभापर्यंत, तिथून पुढच्या भूशिरापर्यंत, असा खलाशी सरळ रेषेत जातो. त्याला तीस बिंदू पुरून उरतात. डोंगरातल्या वाटेला सरळ रेषा फारशी माहीत नाही. त्यामुळे तीसची मर्यादा खऱ्या अर्थाने जाचते ती आम्हाला, आणि म्हणूनच तीस बिंदू कुठले, हा प्रश्न डोंगरात इतका अर्थपूर्ण होतो.

कामाची सुरुवात संगणकावर होते. आधीच्या चालीत टिपलेला ट्रॅक उघडायचा. पाच सेकंदांना एक ठिपका या हिशोबाने चार तासांच्या चढाईत जवळपास तीन हजार ठिपके जमतात. पहिल्यांदा साफसफाई. गट जिथे जेवायला किंवा दम खायला बसला, तिथे यंत्र जागच्या जागी भरकटत राहते आणि ठिपक्यांचे जाळे विणते. ती जाळी काढायची. कोणी पाणी बघायला वाट सोडून गेला आणि परत आला, ते शेपूट कापायचे, पण पाणी सापडले असेल तर त्या जागेची नोंद वेगळी ठेवायची. झाडीत एखादा ठिपका शे-दीडशे मीटर बाजूला उडालेला असतो, तो दिसताक्षणी ओळखू येतो. एवढे झाले की रेघ स्वच्छ होते, पण ठिपके अजून दोन हजारांच्या वर असतात.

इथे बहुतेक जण प्रोग्रॅमची मदत घेतात. जीपीएसबेबलसारख्या मोफत प्रोग्रॅमला ‘इतकेच बिंदू ठेव’ असे सांगितले की तो रेघेचा आकार शक्य तितका सांभाळून बाकीचे गाळतो. या कामासाठी नकाशाशास्त्रात सर्वांत प्रसिद्ध असलेली रीत डेव्हिड डग्लस आणि थॉमस प्यूकर यांनी १९७३ मध्ये मांडली. उर्स रॅमर यांनी त्याआधी एक वर्ष, १९७२ मध्ये, तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. रीत समजायला सोपी आहे. रेघेचे पहिले आणि शेवटचे टोक सरळ रेषेने जोडा. मधल्या सगळ्या ठिपक्यांपैकी या सरळ रेषेपासून सर्वांत दूर असलेला ठिपका शोधा. तो ठरवलेल्या अंतरापेक्षा दूर असेल तर त्याला ठेवा आणि तिथे रेघेचे दोन भाग करून प्रत्येक भागावर हेच पुन्हा करा. तो त्या अंतराच्या आत असेल तर मधले सगळे गाळा. थोडक्यात, वाट जिथे वळते तिथले ठिपके राहतात आणि जिथे सरळ जाते तिथले जातात.

नकाशावर नदी किंवा किनारा काढायला ही रीत उत्तम आहे. आम्हीही ती वापरतो, आणि तिने दिलेले तीस बिंदू एका रंगात पडद्यावर ठेवतो. मग तोच ट्रॅक घेऊन, रीतीने काय निवडले आहे ते न पाहता, आपले तीस बिंदू दुसऱ्या रंगात मांडतो. दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवल्या की या कामाचे खरे मर्म समोर येते, कारण त्या जुळत नाहीत.

रीतीने निवडलेल्या बिंदूंची गर्दी कुठे होते? खिरेश्वरहून खिंडीकडे चढताना जंगलात वाट जिथे नागमोडी जाते तिथे. खिंडीवरच्या कातळटप्प्यावर, रेलिंगच्या आधाराने चढताना यंत्राने इकडेतिकडे झेपा टाकलेल्या असतात, तिथे. पण नागमोडी चढावर कोणी चुकत नाही. दोन्ही बाजूंना गच्च कारवी असते आणि मळलेली पायवाट एकच असते. कातळटप्प्यावरही चुकायला वाव नाही, लोखंडी आधारच वाट दाखवतो. आणि रीतीने सगळ्यांत कमी बिंदू कुठे ठेवलेले असतात? वरच्या पठारावर. तिथे वाट लांबच लांब सरळ जाते आणि मधूनमधून तिला दुसऱ्या वाटा फुटतात. पावसाळ्यात या पठारावर धुके उतरले की पंधरा पावलांपुढचे दिसत नाही. टेकाडांमागून टेकाडे येतात आणि सगळी सारखी दिसतात. गडावर जाणारे लोक चुकतात ते इथेच. बिनचूक भूमिती पाळून केलेल्या यादीत नेमकी हीच जागा रिकामी राहते.

खिरेश्वरच्या एका वयस्कर वाटाड्याबरोबर ही वाट चाललो तेव्हा या फरकाचे कारण स्पष्ट झाले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. यंत्र म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती, त्यांनी अनेकांच्या हातात ते पाहिले होते. मी जंगलातल्या एका मोठ्या वळणावर थांबून नोंद घ्यायला लागलो तेव्हा ते म्हणाले, “हितं कशाला लावता? हितनं दुसरीकडं जायाला जागाच न्हाई.” पुढे वर पठारावर, जिथे वाट मला नाकासमोर सरळ दिसत होती, तिथे ते आपण होऊन थांबले. “हितं लावा. ही समोर दिसती ना, ती गुरांची वाट हाय. लोक बोलत बोलत तिच्यावरच जात्यात.” खरी वाट तिथून किंचित डावीकडे, एका खडकाआडून निघत होती. ट्रॅकच्या रेघेवर ते वळण इतके सौम्य होते की कोणत्याही रीतीने ते पहिल्या फेरीतच गाळले असते.

मामांनी सांगितलेल्या जागा मी लिहून घेत गेलो आणि त्यातून एक सूत्र हाती लागले. त्यांना वाटेचा आकार सांगायचाच नव्हता. जिथे चालणाऱ्याला निवड करावी लागते आणि जिथे चुकीची निवड बरोबर वाटते, तेवढ्याच जागा ते सांगत होते. आमच्या तक्त्यात तेव्हापासून प्रत्येक बिंदूपुढे एक रकाना आहे: हा बिंदू नसेल तर माणूस कुठे जाईल? या रकान्यात काही लिहिता आले नाही तर तो बिंदू यादीत राहत नाही. पाणी, देऊळ आणि मुक्कामाची जागा एवढ्यांनाच यातून सूट.

तीसचे वाटप आम्ही साधारण असे करतो. खिरेश्वर गाव ते तोलार खिंड यांना सहा. यातले पहिले दोन गावाजवळच जातात. नागेश्वराच्या देवळाकडून निघाल्यावर शेतांचे बांध आणि पायवाटा इतक्या एकमेकींत मिसळतात की पहाटेच्या अंधारात योग्य वाटेला लागणे हेच मोठे काम असते. खिंड आणि तिच्यावरचा कातळटप्पा यांना चार: एक खिंडीत, जिथे वाघाचे शिल्प आहे; एक टप्प्याच्या पायथ्याशी; एक माथ्यावर; आणि एक माथ्यावरून परत उतरताना टप्प्याचे तोंड सापडावे म्हणून थोडा मागे. पठाराला तेरा, म्हणजे जवळजवळ निम्मे. बालेकिल्ल्याकडे चढणारी वाट आणि त्याला वळसा घालून झाडीतून जाणारी वाट जिथे वेगळ्या होतात, तिथले दोन बिंदू याच तेरांत येतात. देवळाच्या परिसराला चार: हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ, पिण्याचे पाणी, पाचनईकडे उतरणाऱ्या वाटेचे तोंड आणि कोकणकड्याकडे जाणाऱ्या वाटेचे तोंड. झाले सत्तावीस. उरलेले तीन मोकळे ठेवायचे. प्रत्यक्ष चालताना वाट बदललेली आढळते, एखादा ओढा रोंरावत असतो, कुठे झाड पडून नवा वळसा पडलेला असतो. सगळी जागा घरीच भरून नेली की डोंगराला काही सांगायचे असेल तर ते लिहायला जागा उरत नाही.

बिंदू नेमका कुठे ठेवायचा यालाही शिस्त आहे. दोन वाटा फुटतात तिथेच बिंदू ठेवला तर तो निरुपयोगी ठरतो, कारण यंत्र दहा मीटर इकडेतिकडे दाखवणार आणि दोन्ही वाटा त्या दहा मीटरांत मावणार. म्हणून फाट्याचा बिंदू फाट्यावर न ठेवता बरोबर वाटेवर पुढे तीस-चाळीस मीटरवर ठेवायचा. चुकीच्या वाटेवर चार पावले टाकताच बाण बाजूला वळतो आणि चूक लगेच कळते. नोंद घेताना घाई करायची नाही. यंत्र उघड्या आकाशाखाली धरून दोन-तीन मिनिटे थांबायचे आणि सरासरी घेतलेली जागा साठवायची.

कड्याच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. कोकणकड्याचा बिंदू आम्ही कधीही कड्याच्या काठावर ठेवत नाही. रात्री किंवा धुक्यात माणूस पडद्यावरचा आकडा शून्याकडे जाताना बघत चालतो. आकडा शून्य होण्याची जागा आणि कड्याची धार यांच्यात यंत्राच्या चुकीला पुरून उरेल इतके अंतर असलेच पाहिजे. म्हणून तो बिंदू काठापासून चांगला आत, सपाटीवर असतो. त्याचप्रमाणे दोन लागोपाठच्या बिंदूंना जोडणारी सरळ रेषा दरीवरून जात असेल तर मध्ये एक बिंदू वाढवायचा, मग त्यासाठी दुसरीकडचा एक कमी करावा लागला तरी चालेल. बाण सरळ रेषेतच दाखवणार आहे, हे रूट करणाऱ्याने एक क्षणही विसरायचे नसते.

नाळेत चढणाऱ्या वाटांचा हिशोब वेगळा. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने गडावर येणाऱ्यांसाठी नाळेच्या आत बिंदूंची रांग लावण्यात अर्थ नसतो. आत संकेत अर्धवट मिळतो आणि दोन भिंतींच्या मधून वर जाण्याशिवाय दुसरा रस्ताही नसतो. महत्त्वाचे असते ते नाळेचे तोंड, कारण शेजारच्या घळी खालून तशाच दिसतात, आणि महत्त्वाच्या असतात नाळ सोडून बाजूला निघायच्या जागा. तेवढे अचूक असले की मधल्या चढाला यंत्र पिशवीत ठेवून दोन्ही हात मोकळे ठेवावेत.

आता नावांकडे. जीपीएस १२ मध्ये वेपॉइंटच्या नावाला सहा जागा आहेत आणि त्यांत फक्त रोमन मोठी अक्षरे आणि आकडे बसतात. ‘तोलार खिंड’ पूर्ण लिहायची सोय नाही. यंत्र यादी आकड्यांच्या आणि अक्षरांच्या क्रमाने लावते, म्हणून पहिल्या दोन जागा आम्ही क्रमांकाला देतो. तोही १, ३, ५ असा एकाआड एक, म्हणजे नंतर मध्ये बिंदू घालायचा झाला तर सम आकडा मोकळा असतो. तिसऱ्या जागी प्रकार: वाट, पाणी, कडा, खिंड किंवा मुक्काम यांचे ठरलेले एक अक्षर. उरलेल्या तीन जागांत स्थळाची खूण. हे नियम गटातल्या सगळ्यांना पाठ असतात. पुढे चालणाऱ्याचे यंत्र बंद पडले आणि मागच्याने आपले काढले, तरी त्याला तिसरे अक्षर बघून पुढे पाणी आहे की कडा, हे ताबडतोब कळते. नंतरच्या यंत्रांत लांब नावे लिहिता येतात, पण पावसात भिजलेल्या पडद्यावर सहा अक्षरे जितक्या लवकर वाचता येतात तितक्या लवकर वीस वाचता येत नाहीत. त्यामुळे ही पद्धत आम्ही बदललेली नाही.

आकड्यांची आणखी एक गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. २० रूट गुणिले ३० बिंदू म्हणजे ६००, पण यंत्राची एकूण मर्यादा ५००. म्हणजे प्रत्येक रूटला स्वतःचे वेगळे बिंदू दिले तर वीस रूट पूर्ण भरताच येत नाहीत. वाटा जिथे एकत्र येतात तिथले बिंदू सामाईक ठेवावे लागतात. तोलार खिंडीत खिरेश्वरची वाट येते, पलीकडून कोथळ्याची येते, आणि तिथून गडाची वाट वर निघते. तिन्ही रूटमध्ये खिंडीचा बिंदू एकच. यातून जपण्याची एक बाब निघते: हा सामाईक बिंदू कोणी सरकवला किंवा पुसला तर तिन्ही रूट बिघडतात. म्हणून सामाईक बिंदूंची यादी कागदावर वेगळी असते आणि त्यांना हात लावण्याआधी दोघांनी बघायचे असते. पण या सामाईकपणामुळे दुसरेही काही दिसू लागते. वीसेक रूट मांडून झाले की कोणते बिंदू वारंवार येतात ते लक्षात येते: खिंडी, बारमाही पाणी, मोठी देवळे. घाटवाटांचे जुने जाळे ज्यांच्याभोवती विणले गेले, त्या याच जागा.

चालताना टिपल्या जाणाऱ्या ट्रॅकलाही मर्यादा असतेच, आणि ती न समजल्यास घात होऊ शकतो. जीपीएस १२ च्या ट्रॅकमध्ये १,०२४ ठिपके मावतात. ते भरले की काय करायचे याचे दोन पर्याय यंत्र देते: नोंद थांबवायची, किंवा सर्वांत जुने ठिपके पुसून नवे लिहायचे. दर दहा मीटरला एक ठिपका धरला तर १,०२४ ठिपके साधारण दहा किलोमीटरला पुरतात. खिरेश्वरहून गडावर जाऊन परत येण्याची चाल त्याहून लांब आहे. जुने पुसण्याचा पर्याय निवडलेला असेल तर सगळ्यांत आधी पुसले जातात ते सुरुवातीचे ठिपके, आणि सुरुवात म्हणजेच परतीच्या वाटेचा शेवटचा भाग, जो बहुधा अंधार पडताना चालायचा असतो. याच यंत्रात ट्रॅकवरून परतीचा रूट आपोआप तयार करण्याची सोय आहे. तोही जास्तीत जास्त तीसच बिंदूंचा असतो आणि ते बिंदू यंत्र भूमितीच्या हिशोबाने निवडते. त्यामुळे आम्ही परतीसाठी त्यावर विसंबत नाही. हाताने केलेला रूट उलटा चालवतो.

पुढच्या पिढ्यांत आकडे वाढत गेले. २००६ च्या सुमारास आलेल्या ‘जीपीएसमॅप ६० सीएसएक्स’मध्ये १,००० वेपॉइंट, ५० रूट आणि एका रूटमध्ये २५० बिंदू मावतात. चालू ट्रॅकला १०,००० ठिपके. पण तो ट्रॅक नाव देऊन साठवला की यंत्र त्याचे ५०० ठिपके करते आणि वेळेची नोंद गाळते. कोणत्या चढाला किती वेळ लागला, गट कुठे किती थांबला, हे सगळे जाते. मेमरी कार्डावर रोजचा पूर्ण ट्रॅक लिहिण्याची सोय त्यात आहे, ती चालू ठेवली तरच हे वाचते. २०११ च्या ‘ईट्रेक्स २०’ आणि ‘३०’ मध्ये २,००० वेपॉइंट आणि २०० रूट आले, २०१८ च्या ‘जीपीएसमॅप ६६’ मध्ये १०,००० वेपॉइंट आणि २५० रूट. इतके मोठे आकडे बघून मर्यादा संपल्या असे वाटते. त्या संपलेल्या नाहीत, फक्त दूर गेल्या आहेत. दर सेकंदाला एक ठिपका टिपणाऱ्या घड्याळाने केलेला ट्रॅक १०,००० ठिपक्यांची सीमा पावणेतीन तासांत ओलांडतो. असा लांब ट्रॅक कमी क्षमतेच्या यंत्रात भरला तर काही यंत्रे सीमेपुढचा भाग सरळ सोडून देतात. पडद्यावर रेघ दिसते, माणूस निर्धास्त होतो आणि रेघ पठाराच्या मध्यावर संपते. म्हणून दुसऱ्याकडून आलेली फाइल यंत्रात भरल्यावर तिचे शेवटचे टोक यंत्राच्या पडद्यावर बघायचे, संगणकाच्या नव्हे, हे आम्ही नव्यांना पहिल्या दिवशी शिकवतो.

मर्यादा उपग्रहांच्या संकेतातही आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याच्या क्रमांकाला १० बिट दिले आहेत, म्हणजे १,०२४ आठवडे मोजून झाले की मोजणी पुन्हा शून्यापासून. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि ६ एप्रिल २०१९ ला झाले. त्यामुळे अनेक जुनी यंत्रे आज जागा बरोबर आणि तारीख चुकीची दाखवतात. जुन्या यंत्राच्या ट्रॅकवर तारीख लिहिताना ती वहीतून घ्यावी लागते.

हल्ली गडांच्या वाटांचे ट्रॅक सहज मिळतात. कोणीतरी चालून आलेला असतो, फाइल पाठवतो, आपण ती फोनमध्ये उघडतो आणि निळ्या रेघेवर चालू लागतो. या सोयीने अनेकांना डोंगराकडे आणले, अडचणीतल्या काहींना वाचवलेही असेल. माझे म्हणणे एवढेच आहे की रेघ मिळाली म्हणजे वाटेची माहिती मिळाली असे होत नाही. तीन हजार ठिपक्यांच्या रेघेत मामांनी दाखवलेली ती जागा, गुरांची वाट जिथे समोर दिसते आणि खरी वाट खडकाआडून निघते, इतर कोणत्याही ठिपक्यासारखीच दिसते. ती जागा महत्त्वाची आहे हे सांगणारा माणूस फाइलच्या बाहेर राहिलेला असतो. फोनची बॅटरी संपली किंवा पडद्यावर पाणी साचले की रेघही जाते आणि डोक्यात काहीच उरत नाही. ज्याने तीस बिंदू स्वतः निवडले, त्यांची नावे ठेवली, प्रत्येकापुढे कारण लिहिले, त्याच्याकडे यंत्र बंद पडल्यावरही बरेच काही उरते. आमच्या गटात नवख्याला वाट देण्याआधी तिचा तक्ता भरायला लावतो तो याचसाठी.

गावकऱ्यांच्या ज्ञानाची नोंद करण्याचाही हा एक मार्ग आहे. डोंगरातल्या वाटांचा रोजचा राबता कमी होत चालला आहे. गाडीरस्ते झाले, घाट उतरून बाजाराला पायी जाणारे कमी झाले. ज्यांना कुठे माणूस चुकतो हे तोंडपाठ आहे, ती पिढी वयाने मोठी आहे. त्यांच्याबरोबर चालून नुसता ट्रॅक टिपला तर त्यांच्या पायांची रेघ आपल्याकडे येईल, पण ते कुठे थांबले आणि का थांबले, ते येणार नाही. त्यासाठी विचारावे लागते, लिहावे लागते.

म्हणून वाटांच्या फाइली करणाऱ्या आणि वाटणाऱ्या सगळ्या गटांना माझी विनंती आहे. पूर्ण ट्रॅक जरूर द्या, पण त्याच्याबरोबर तीस बिंदूंचा एक रूट हाताने करून द्या. प्रत्येक बिंदूपुढे एक ओळ लिहा: इथे काय आहे, इथे माणूस चुकला तर कुठे जाईल, पाणी असेल तर ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकते. शेवटी ती वाट कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी चालून तपासली ते लिहा, कारण प्रत्येक पावसाळ्यानंतर दरडी येतात, कुंपणे होतात, वाटा सरकतात आणि जुना बिंदू नव्या माणसाला चुकीच्या जागी नेऊ शकतो. ज्या वाटाड्याने ती वाट दाखवली त्याच्या गावाचा उल्लेख करा आणि त्याची मजुरी वेळेवर द्या. यंत्रात दहा हजार बिंदूंची जागा असली तरी हे काम तीसमध्येच करा. तीस बिंदूंत वाट सांगता आली नाही, तर ती अजून आपल्याला समजलेली नाही आणि तिच्यावर पुन्हा चालून यायला हवे.